जपानी छापचित्रांतली भुते कशी पाहावीत: नव्या रसिकांसाठी मार्गदर्शन

एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) आणि त्यानंतरच्या मेइजी काळातल्या जपानी लाकडी ठशांच्या छापचित्रांमधली भुते, राक्षस आणि मायावी प्राणी आज इंटरनेटवर जागोजागी दिसतात. मात्र बहुतेक वेळा ती कथेपासून तोडलेली, आकाराने लहान केलेली आणि कडेच्या शिक्क्यांसह कापलेली असतात. असे चित्र पाहून ‘भयंकर आहे’ किंवा ‘विचित्र आहे’ यापलीकडे नव्या रसिकाच्या हाती फारसे काही लागत नाही. जपानी भाषा येत नसली, चित्रकलेचे शिक्षण झालेले नसले आणि मूळ प्रत समोर नसली, तरीही ही चित्रे नीट पाहता यावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने आरंभी पाहावे, असे मला सुचवायचे आहे. त्यामागची माझी धारणा एकच आहे. या चित्रांतले भूत म्हणजे बहुधा कोणावर तरी झालेल्या अन्यायाची नोंद असते, आणि तो अन्याय कोणता हे कळल्याशिवाय चित्रातली रेषा, रंग आणि मुद्दाम रिकामी सोडलेली जागा यांपैकी कशाचाच पुरता अर्थ लागत नाही.

पहिली पायरी: चित्रात कोण आहे ते ठरवावे

जपानी लोककथांमधल्या अमानुष पात्रांचे दोन मोठे गट आहेत. ‘युरेई’ म्हणजे मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा, आणि ‘योकाई’ म्हणजे डोंगर, नदी, जुने घर, वाट अशा जागांशी जोडलेले नाना तऱ्हेचे मायावी जीव. युरेई एखाद्या विशिष्ट माणसाचा पिच्छा पुरवतो. योकाई मात्र आपल्या जागी असतो आणि तिथून जाणाऱ्या कोणालाही भेटतो. हा भेद सगळीकडे काटेकोरपणे लागू पडत नाही, पण पहिल्या नजरेत चित्राची दिशा ठरवायला तो पुरेसा आहे.

युरेई ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगावर अंत्यसंस्काराचे पांढरे वस्त्र, क्वचित कपाळावर त्रिकोणी पांढरा कपडा, मोकळे सुटलेले लांब केस, मनगटातून खाली लोंबणारे हात, आसपास निळसर ज्योती आणि कमरेखाली विरत गेलेले शरीर, अशा त्या खुणा होत. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे असतात. जपानी युरेईला पायच नसतात. बिनपायांच्या भुताचे श्रेय परंपरेने क्योतोचा चित्रकार मारुयामा ओक्यो (१७३३ ते १७९५) याला दिले जाते. त्याने रेशमावर रंगवलेले ओयुकी नावाच्या स्त्रीचे भूत प्रसिद्ध आहे. ते छापचित्र नव्हे, पण त्याच्या नंतरच्या पिढ्यांतल्या छापचित्रकारांनी भुताचा हाच साचा उचलला. ओक्योच्या भुताच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, उलट एक शांत उदासी आहे, हे नव्या रसिकाने आवर्जून पाहावे. या परंपरेचा स्वभाव तिथेच कळतो.

योकाईंचा पसारा फार मोठा आहे. पाण्यातला काप्पा, डोंगरातला लांब नाकाचा तेंगू, रूप बदलणारे कोल्हे आणि तानुकी (रकूनसारखे दिसणारे जंगली कुत्रे), म्हातारपणी मायावी झालेली मांजरे, फार जुनी झाल्यामुळे जीव धरलेली भांडी आणि छत्र्या यांची मोजदाद करणे कठीण आहे. हे काम तोरियामा सेकिएन (१७१२ ते १७८८) या चित्रकाराने हाती घेतले. १७७६ मध्ये त्याने ‘गाझू ह्याक्की याग्यो’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका पानावर एक योकाई आणि त्याचे नाव अशी मांडणी होती, आणि पुढच्या आठ वर्षांत त्याने या मालिकेत आणखी तीन भाग काढले. एखाद्या चित्रातला प्राणी ओळखू येत नसेल, तर आधी सेकिएनची पाने चाळावीत. नंतरच्या चित्रकारांनीही तेच केले होते.

या दोन्ही गटांत नीट न बसणारी पात्रेही आहेत, आणि ती विसरून चालणार नाही. मत्सराने किंवा क्रोधाने जिवंतपणीच राक्षसी झालेली स्त्री हे त्यांतले मुख्य पात्र होय. नो या जुन्या जपानी मुखवटानाट्यातला शिंगे असलेला ‘हान्न्या’ मुखवटा तिचाच आहे. भिक्षू आंचिनच्या मागे धावताना नदी ओलांडून सर्पिणी झालेली आणि दोजोजी मंदिराच्या घंटेत लपलेल्या त्या भिक्षूला जाळणारी कियोहिमे ही याच जातीची. त्सुकिओका योशितोशी (१८३९ ते १८९२) याने १८९० मध्ये तिचे चित्र काढले, तेव्हा साप दाखवलाच नाही. नदीतून बाहेर आलेली, ओल्या केसांची एक तरुणी तेवढी दाखवली.

दुसरी पायरी: कथा आणि अन्याय शोधावा

चित्रातली व्यक्ती कोण हे कळले की तिची कथा वाचावी, आणि ही पायरी घाईने उरकू नये. सुरुवातीसाठी तीन कथा पुरेशा आहेत, कारण कात्सुशिका होकुसाई (१७६० ते १८४९) याने १८३१-३२ च्या सुमारास काढलेल्या ‘ह्याकू मोनोगातारी’ या मालिकेत त्या तिन्ही आहेत. मालिकेचे नाव शंभर गोष्टींचे असले, तरी तिची आज पाचच चित्रे ज्ञात आहेत. हे नाव एका लोकप्रिय खेळावरून आले. रात्री लोक एकत्र जमत, शंभर वाती लावत, प्रत्येक भीतिकथेनंतर एक वात विझवत, आणि शेवटची वात विझली की खरेच काहीतरी प्रकट होते, अशी समजूत होती.

पहिली कथा ओइवाची. त्सुरुया नांबोकू चौथा याचे ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ हे काबुकी (नृत्य-संगीतासह सादर होणाऱ्या लोकप्रिय रंगभूमीचे) नाटक १८२५ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, नाकामुरा-झा नाट्यगृहात रंगभूमीवर आले. ओइवाचा नवरा इएमोन हा स्वामी नसलेला सामुराई. शेजारच्या श्रीमंत घरातल्या मुलीला तो आवडतो, आणि ओइवा दूर व्हावी म्हणून त्या घरातून बाळंतपणाने अशक्त झालेल्या ओइवाला औषधाच्या नावाखाली विष पाठवले जाते. त्या विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो. ती आरशासमोर बसून केस विंचरू लागते, आणि कंगव्याबरोबर केसांचे रक्ताळलेले पुंजके सुटून येतात. या प्रसंगानंतर ओइवाच्या कोणत्याही चित्रात विरळ केस, पुढे आलेले कपाळ आणि सुजून खाली ओघळलेला डोळा दिसला, तर तो चित्रकाराचा अतिरेक नव्हे, हे ध्यानात येते. त्या एकेका खुणेमागे नवऱ्याचा विश्वासघात आहे.

होकुसाईने ओइवा काढली ती कागदी कंदिलाच्या रूपात. कंदिलाचा कागद जिथे फाटला आहे तिथेच तिचे तोंड आहे, मोठे डोळे वर वळलेले आहेत आणि कंदिलाच्या माथ्यावरून केस सुटले आहेत. हे चित्र मोठे करून पाहावे आणि एक गोष्ट तपासावी: कंदिलाच्या घड्या कुठे संपतात आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठे सुरू होतात? ती सीमारेषा सापडत नाही. एक निर्जीव वस्तू आणि एक दुखावलेली बाई अशी एकमेकींत मिसळवणे हे होकुसाईच्या रेखाटनाचे सामर्थ्य आहे. मला या मालिकेतले हेच चित्र सर्वांत श्रेष्ठ वाटते.

दुसरी कथा ओकिकूची. ती एका सामुराईच्या वाड्यातली मोलकरीण. वाड्यातल्या मौल्यवान दहा ताटल्यांपैकी एक हरवते किंवा फुटते, काही पाठांत ती मालकाने किंवा त्याच्या माणसांनी मुद्दाम लपवलेली असते, आणि ओकिकूला मारून विहिरीत टाकले जाते. तेव्हापासून रात्री विहिरीतून एक ते नऊ असे मोजण्याचा आवाज येतो, आणि नऊनंतर आक्रोश. हिमेजीच्या किल्ल्यात आजही एक विहीर ओकिकूची म्हणून दाखवतात, आणि एदोमध्येही याच कथेचा दुसरा पाठ प्रचलित होता. होकुसाईने ओकिकूची मानच ताटल्यांची रचली आहे: एकीवर एक ताटली, त्यांभोवती गुंडाळलेले केस, आणि तोंडातून निघणारी धुरासारखी वाफ. जिच्यामुळे जीव गेला ती वस्तू तिच्या देहाचा भाग झाली आहे.

याच ओकिकूचे योशितोशीने १८९० मध्ये काढलेले चित्र शेजारी ठेवावे. तिथे देहात भिनलेल्या ताटल्या नाहीत, आक्राळविक्राळ काही नाही. विहिरीपाशी एक सडपातळ मुलगी उभी आहे, बाही चेहऱ्याशी नेलेली आहे, आणि देह खाली धुक्यात विरला आहे. होकुसाईने अन्यायाची वस्तू दाखवली. योशितोशीने तो सोसणारी व्यक्ती दाखवली. एकच कथा, साठेक वर्षांचे अंतर आणि दोन वेगळ्या करुणा. नव्या रसिकाने एकाच कथेवरची दोन-तीन चित्रे अशी जोडीने पाहण्याची सवय लावून घेतली, तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

तिसरी कथा कोहादा कोहेइजी या नटाची. त्याची बायको आणि तिचा प्रियकर त्याला पाण्यात बुडवून मारतात, आणि तो त्यांच्या शय्येपाशी परत येतो. होकुसाईच्या चित्रात तो हाडाळ बोटांनी मच्छरदाणी खाली ओढून आत डोकावतो आहे. चेहऱ्यावर मांसाचे आणि केसांचे अवशेष तेवढे उरले आहेत. झोपलेली जोडी चित्रात नाही. कोहेइजी जिथे पाहतो आहे तिथे आपण, म्हणजे पाहणारा, आहोत. खुन्यांच्या जागी प्रेक्षकाला झोपवण्याची ही योजना एकदा उमजली की या चित्रासमोर निर्धास्त उभे राहता येत नाही.

तिसरी पायरी: रंगमंच डोळ्यांसमोर आणावा

भुतांच्या छापचित्रांपैकी पुष्कळशी चित्रे प्रत्यक्षात काबुकी नटांची चित्रे आहेत. उन्हाळ्यात, मृतांच्या स्मरणाच्या बोन सणाच्या आसपास, भुतांची नाटके लावण्याची प्रथा होती, आणि नाटक गाजले की त्यातल्या प्रसंगांची छापचित्रे विक्रीला येत. योत्सुयाच्या नाटकात ओइवाची पहिली भूमिका करणारा ओनोए किकुगोरो तिसरा हा अशा भूमिकांसाठी विख्यात होता. या नाटकात ओइवाचे भूत पेटत्या कंदिलातून बाहेर येण्याची नाट्ययुक्ती पुढे रूढ झाली, आणि छापचित्रांतल्या कंदिलाचा या युक्तीशी निकटचा संबंध आहे. नाटकात ओइवाचे आणि दुसऱ्या एका बळीचे अशी दोन प्रेते एका फळीच्या दोन बाजूंना खिळलेली असतात, आणि फळी उलटली की दुसरे प्रेत समोर येते. हा प्रसंग दाखवण्यासाठी काही छापचित्रांना कागदाची उचलता येणारी पट्टी जोडलेली असे.

म्हणून चित्रातला चेहरा ठसठशीत, लांब नाकाचा आणि एखाद्या विशिष्ट माणसाचा वाटत असेल, वस्त्रावर एखादे घराणेचिन्ह असेल, किंवा पवित्रा ताठ आणि क्षणभर गोठल्यासारखा असेल, तर ते रंगमंचावरचे भूत आहे असे समजावे. ओसाकाच्या चित्रकारांची भुतांची चित्रे तर बहुतांशी नाटकांशीच जोडलेली आहेत. ओइवाची भूमिका करण्यापूर्वी नटमंडळींनी टोकियोच्या योत्सुया भागातल्या तिच्या देवळात दर्शन घेऊन येण्याची प्रथा आजही पाळली जाते. कलाकृतीतल्या व्यक्तीविषयीचा हा आदर मला फार मोलाचा वाटतो.

चौथी पायरी: छपाई पाहावी

येथवर आपण चित्रकाराविषयी बोललो. परंतु छापचित्र हे एकट्या चित्रकाराचे काम नसते. प्रकाशक विषय ठरवून पैसा घालतो, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करतो, कोरणारा ते रेखाटन डोंगरी चेरीच्या लाकडी फळीवर पालथे चिकटवून त्याच्या रेषा कोरतो, आणि छपाई करणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून कोझो या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीपासून केलेल्या बळकट कागदावर हाताने घासून छापतो. कोरताना मूळ रेखाटन नष्ट होते. सगळे रंग नेमके जागेवर बसावेत म्हणून प्रत्येक ठशावर कोपऱ्यात आणि कडेला कागद टेकवण्याच्या खाचा ठेवलेल्या असतात. अनेक ठशांनी पूर्ण रंगीत चित्रे छापण्याचे तंत्र १७६५ च्या सुमारास एदोमध्ये स्थिरावले.

भुतांच्या चित्रांत या कारागिरांचे हात दोन ठिकाणी विशेष दिसतात. एक म्हणजे केस. कपाळाच्या कडेला मिलिमीटरपेक्षाही बारीक केसांच्या रेषा उठावदार राखून दोन्ही बाजूंचे लाकूड काढणे हे काम सर्वांत अनुभवी कोरणाऱ्याकडेच दिले जाई. सुटलेल्या केसांचे प्रत्येक भूत म्हणजे त्याची परीक्षाच होती. दुसरे ठिकाण म्हणजे विरत जाणारा देह. ठसा ओला करून त्यावरचा रंग ब्रशाने पातळ करत नेण्याच्या तंत्राला ‘बोकाशी’ म्हणतात. ही छटा लाकडात कोरलेली नसते. छपाई करणाऱ्याला ती प्रत्येक प्रतीसाठी नव्याने साधावी लागते. म्हणजे भुताचे पाय नाहीसे करण्याचे काम शेवटी त्याच्या हातात असते, आणि दोन प्रतींमधले भूत कधीच अगदी सारखे विरत नाही. याच कारणाने एका चित्राच्या दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी उघडून पाहाव्यात.

बाह्यरेषा कुठे काळी आहे आणि कुठे नाही, हेही तपासावे. उतागावा कुनियोशी (१७९७ ते १८६१) याच्या १८५० च्या सुमाराच्या एका त्रिपट (तीन कागद जोडून होणाऱ्या) चित्रात योशित्सुने या योद्ध्याचे जहाज दाइमोत्सूच्या खाडीत वादळात सापडले आहे, आणि ११८५ च्या दान-नो-उराच्या लढाईत बुडालेले, शत्रुपक्षाच्या ताइरा घराण्याचे योद्धे लाटांवर उभे आहेत. ते नुसत्या करड्या सावल्या आहेत. जिवंत माणसांना ठाम काळी रेषा आणि मृतांना नुसता रंग, हा भेद कुनियोशीने ठशांच्याच भाषेत सांगितला आहे.

कागदावर शाई न लावता ठसा दाबून उठाव आणणे, काळ्या भागाला घासून चकाकी देणे, अशी आणखीही तंत्रे आहेत. ती पडद्यावर दिसत नाहीत. प्रत हातात घेऊन किंवा काचेसमोर बाजूला झुकून, प्रकाश तिरका पडेल अशा रीतीने पाहावी लागतात.

पाचवी पायरी: अक्षरे आणि शिक्के

जपानी लिपी येत नसली तरी चार जागा ओळखता येतात. बहुधा वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मालिकेचे आणि चित्राचे नाव असते. चित्रकाराच्या स्वाक्षरीच्या शेवटी 画 किंवा 筆 हे चिन्ह येते, आणि ते पाहून स्वाक्षरी सहज सापडते. जवळच प्रकाशकाचे छोटे चिन्ह असते. चौथी जागा सरकारी तपासणीच्या शिक्क्याची, आणि काळ ठरवायला तीच सर्वांत उपयोगी.

१७९० पासून गोल ‘किवामे’ शिक्का आढळतो. १८४० च्या दशकात तपासणी अधिकाऱ्याच्या नावाचे शिक्के येतात. १८५२ पासून बारा प्राण्यांच्या चक्रातले वर्ष आणि महिना सांगणारा शिक्का दिसू लागतो. १८७५ नंतरच्या चित्रांवर बहुधा कडेच्या पट्टीत मेइजी वर्षाची तारीख आणि प्रकाशकाचा पत्ता असतो. मेइजी वर्षात १८६७ मिळवले की इसवी सन मिळतो. मेइजी २३ म्हणजे १८९०. इंटरनेटवर कडा कापलेली चित्रे वापरू नयेत असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच. आकाराचीही नोंद ठेवावी. ‘ओबान’ म्हणजे साधारण ३९ गुणिले २६ सेंटिमीटर आणि ‘चुबान’ त्याच्या साधारण निम्मा. होकुसाईची पाच भुते चुबान आकाराची आहेत, आणि पडद्यावर त्यांच्याविषयी जो भव्यतेचा समज होतो तो ही गोष्ट कळल्यावर निवळतो.

सहावी पायरी: भुताआडून कोण बोलते आहे?

१८४१ ते १८४३ या काळात मिझुनो तादाकुनी या मंत्र्याने केलेल्या कठोर सुधारणांमध्ये नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आली. पोट भरण्याचे विषयच काढून घेतल्यावर चित्रकार इतिहासाकडे आणि दंतकथांकडे वळले. १८४३ मध्ये कुनियोशीने योद्धा मिनामोतो योरिमित्सू याच्या दालनातले चित्र काढले. योरिमित्सू आजारी पडून आहे, त्याचे सेवक पटावर ‘गो’ खेळत बसले आहेत, आणि मागच्या अंधारात महाकाय कोळ्याच्या मायेने योकाईंचे सैन्य उभे राहिले आहे. वरवर ही जुनी दंतकथा. पण लोकांनी झोपलेल्या योरिमित्सूमध्ये शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी शासक, पाहिला, एका सेवकाच्या वस्त्रावरच्या चिन्हावरून त्यात मिझुनो ओळखला, आणि मागच्या भुतांमध्ये बंदीने पोळलेले निरनिराळे धंदे शोधायला सुरुवात केली. बोभाटा इतका झाला की प्रकाशकाने घाबरून प्रती परत मागवल्या. या चित्रातले योकाई एकेक करून पाहण्यात जितका वेळ घालवावा तितका थोडाच आहे.

त्यानंतर वर्षभरातच, १८४४ च्या सुमारास, कुनियोशीचे सर्वांत प्रसिद्ध त्रिपट चित्र आले. दहाव्या शतकात बंड करून मारला गेलेला ताइरा मासाकादो याची मुलगी ताकियाशा पडक्या राजवाड्यात मंत्राची गुंडाळी उघडून उभी आहे, आणि फाटक्या पडद्यांआडून एक प्रचंड सांगाडा आत वाकतो आहे. मूळ कादंबरीत माणसाएवढ्या अनेक सांगाड्यांची झुंड आहे. तिचा एकच महाकाय सांगाडा करण्याची कल्पना कुनियोशीची. चित्र तीन वेगळ्या कागदांवर छापलेले असल्याने सांगाडा उजवीकडचे दोन कागद व्यापतो, आणि त्याच्यामागे निव्वळ काळोख आहे. संकेतस्थळावर यातला एकच कागद दिसत असेल, तर बाकीचे दोन शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लोकश्रद्धा थेट बातमीत शिरल्याचे उदाहरण हवे असेल, तर १८५५ च्या नोव्हेंबरात एदोत झालेल्या भूकंपानंतरची मांगूर माशाची चित्रे पाहावीत. जमिनीखालच्या प्रचंड माशाला काशिमाचा देव शिळेने दाबून धरतो आणि त्याची पकड सैल झाली की धरणीकंप होतो, अशी श्रद्धा होती. भूकंपानंतरच्या काही आठवड्यांत या विषयावर शेकडो चित्रे निघाली. ती बहुतेक बिनस्वाक्षरीची आणि बिनपरवान्याची होती. काहींत लोक माशाला बडवतात, तर काहींत पुनर्बांधणीमुळे काम मिळालेले सुतार आणि गवंडी त्याचे आभार मानतात. संकटाकडे इतक्या थेट नजरेने पाहणारी चित्रे मला दुसरीकडे क्वचितच आढळली आहेत.

भारताशी जोडलेला धागा

एक धागा मराठी वाचकाने मुद्दाम शोधावा. सम्राट तोबाच्या दरबारातली सुंदर तामामो-नो-माए ही वस्तुतः नऊ शेपट्यांची कोल्ही होती, अशी कथा आहे. तीच कोल्ही त्याआधी चीनमध्ये आणि भारतात राण्यांच्या रूपाने वावरली होती, आणि भारतात तिने हान्झोकू नावाच्या राजाला क्रूर बनवले. हा हान्झोकू म्हणजे महाभारतात शापाने नरभक्षक झालेला कल्माषपाद; बौद्ध कथांमधून तो चीनमार्गे जपानला पोहोचला. कुनियोशीने हान्झोकूच्या राजवाड्यातला प्रसंग रंगवला आहे. कोल्ही मारली गेल्यावर तिची विषारी शिळा झाली, असे कथेचा शेवट सांगतो. नासू इथे दाखवली जाणारी ती शिळा मार्च २०२२ मध्ये दुभंगलेली आढळली. योशितोशीच्या अखेरच्या भूतमालिकेत त्या शिळेपाशी उभ्या तामामोचे चित्र आहे.

सातवी पायरी: विकत घेताना

भुतांच्या लोकप्रिय चित्रांची पुनर्मुद्रणे फार झाली आहेत. जुन्याच ठशांवरून नंतर काढलेल्या प्रतींत रेषा तुटलेल्या, जाड झालेल्या असतात आणि बोकाशी निष्काळजी असते. नव्याने कोरलेल्या ठशांवरची प्रत तर पूर्ण वेगळीच वस्तू असते. मागच्या बाजूने रंग कागदात मुरलेला दिसत नसेल आणि भिंगाखाली बारीक ठिपके दिसत असतील, तर ती यंत्रावरची छपाई होय. नवख्याने आरंभी जुनी प्रत घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टोकियोतल्या आदाची कार्यशाळेसारख्या ठिकाणी आजही पारंपरिक पद्धतीने हाताने छापलेल्या प्रतिकृती मिळतात आणि त्या प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. प्रत कोणतीही असो, ती उन्हात लावू नये. वनस्पतीजन्य निळे आणि तांबडे रंग उजेडाने फार लवकर उडतात.

आठवी पायरी: कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहावे

घरबसल्या पाहणाऱ्यांसाठी बोस्टनचे ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि जपानचे राष्ट्रीय संसद ग्रंथालय यांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकाराची, कडांसकट छायाचित्रे मोफत पाहता येतात. शोधताना चित्रकाराचे नाव आणि वर्ष यांचा आधार घ्यावा.

क्रम मी असा सुचवीन. आधी होकुसाईची पाचही भुते पाहावीत. मग उतागावा हिरोशिगे याचे १८५७ मधले ओजी इथल्या कोल्ह्यांचे चित्र घ्यावे: वर्षाच्या शेवटच्या रात्री एका मोठ्या झाडाखाली कोल्हे जमले आहेत, प्रत्येकाच्या तोंडाशी ज्योत आहे, आणि त्या ज्योतींवरून शेतकरी पुढच्या पिकाचा अंदाज बांधत. एवढे सौम्य आणि एवढे गूढ चित्र भीतीच्या चित्रांमध्ये मध्येच पाहिले की नजर ताजी होते. त्यानंतर कुनियोशीची त्रिपट चित्रे, आणि सर्वांत शेवटी योशितोशीची १८८९ ते १८९२ मधली छत्तीस भुतांची मालिका. तिच्या प्रत्येक चित्राची चौकट वाळवीने खाल्ल्यासारखी छापलेली आहे. त्याच चित्रकाराची १८६५ मधली सव्वीस चित्रांची भूतमालिका आधी पाहून घेतली, तर तरुणपणी दणदणीत मांडणी करणारा हात अखेरीस किती संयमी झाला ते दिसते. ‘जड पेटारा’ हे छत्तीस भुतांच्या मालिकेतले चित्र लहान मुलांनाही दाखवता येते: लोभी म्हातारी चिमणीने दिलेल्या दोन पेटाऱ्यांपैकी मोठा निवडते, आणि झाकण उघडताच त्यातून योकाई बाहेर पडतात.

टोकियोत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना याहून चांगली संधी आहे. हाराजुकूचे ओता स्मारक संग्रहालय केवळ उकियो-ए (एदो काळातली लोकप्रिय चित्रे आणि छापचित्रे) या प्रकाराला वाहिलेले आहे, आणि सुमिदा भागात होकुसाईच्या नावाचे संग्रहालय २०१६ पासून सुरू आहे. यानाका भागातल्या झेनशोआन मंदिरात सान्यूतेई एंचो (१८३९ ते १९००) या कथाकाराने जमवलेली भुतांची गुंडाळीचित्रे दर ऑगस्टमध्ये लोकांना पाहण्यासाठी लावली जातात. ती छापचित्रे नव्हेत, पण बिनपायांच्या भुतांचा वारसा तिथे एका ठिकाणी पाहता येतो. हिरोशिमा प्रांतातल्या मियोशी इथे २०१९ मध्ये योकाईंचेच एक संग्रहालय उघडले आहे. छापचित्रे उजेडाला नाजूक असल्याने संग्रहालये ती थोडेच दिवस बाहेर ठेवतात. म्हणून एखादे विशिष्ट चित्र पाहायला जाण्यापूर्वी त्या महिन्याच्या प्रदर्शनात ते आहे की नाही, याची संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी.